चोरओटी

शाळा सुटल्यावर जी मुलगी आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये येते, बूट दाराबाहेर भिरकावते आणि फ्रीज उघडून नुसतीच उभी राहते, ती माझी नाही. माझ्या मैत्रिणीची आहे. मैत्रीण ऑफिस सुटल्यावर ईस्ट कोस्टच्या घरी जाताना तिला आमच्याकडून घेऊन जाते. मुलगी पहिलीत गेली तेव्हा ही सोय झाली. आता ती पंधरा वर्षांची आहे, बसने, एमआरटीने सगळं सिंगापूर पालथं घालते, घराची किल्ली तिच्या दप्तरात असते. तिला सांभाळायची कुणाला काही गरज उरलेली नाही. तरी ती येते, आणि तरी मी तिच्यासाठी थालीपीठ लावते. सोय आता बंद करू या, असं आम्हा तिघींपैकी अजून कुणी म्हटलेलं नाही. मी तर मेले तरी म्हणणार नाही.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. पूर्वी रोज तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात जात असे. ही मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी मी ती नोकरी सोडून घरून करता येईल अशी नोकरी शोधली. नवऱ्याला वाटलं, मला प्रवासाचा कंटाळा आला. मी त्याला तसं वाटू दिलं.

तिला दोन थालीपिठं पुरतात. मी तीन लावते. "मावशी, व्हाय ऑल्वेज वन एक्स्ट्रा?" असं ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत अधूनमधून विचारते. मी म्हणते, असू दे, लागलं तर. मग ते थालीपीठ झाकणाखाली पडून राहतं आणि संध्याकाळी चहाबरोबर मी खाते.

तर गेल्या वर्षी एका दुपारी ती आली, फ्रीज उघडला, बंद केला आणि मला म्हणाली, "मावशी, तू प्रो-लाइफ की प्रो-चॉइस?"

मी तव्याखालचा गॅस बारीक केला. एवढंच सुचलं.

शाळेत वादस्पर्धा होती. गर्भपात चांगला की वाईट असा विषय नव्हता. तेवढं सोपं यांच्या शाळेत काही नसतं. 'प्रो-लाइफ आणि प्रो-चॉइस ही नावं वापरणं सोडून द्यावं' असा विषय होता, आणि हिच्या वाट्याला बाजू आली होती की सोडू नये. ओट्याला टेकून, एक पाय दुसऱ्यावर घासत तिने मला सगळं समजावून सांगितलं. प्रो-लाइफ म्हणवणारे म्हणतात, पोटातला गर्भ हा जीव आहे, तो वाचला पाहिजे. प्रो-चॉइस म्हणवणारे म्हणतात, पोट बाईचं आहे, ठेवायचं की नाही ते तिने ठरवायचं. गंमत अशी की दोघांनीही स्वतःला गोड नाव घेतलंय. एकाने 'जीव' घेतला, म्हणजे समोरचा आपोआप मरणाच्या बाजूचा. दुसऱ्याने 'निवड' घेतली, म्हणजे समोरचा आपोआप जबरदस्तीचा. 'विरोधी' असं कुणीच स्वतःला म्हणत नाही.

मला डोंबिवलीत एकाच रस्त्यावर असलेली दोन वडापावची दुकानं आठवली. एकावर पाटी 'अस्सल', दुसऱ्यावर पाटी 'मूळ'. समोरचा नकली आहे हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पाटीच बोलत होती. मी तिला ते सांगितलं. तिला आवडलं. "आय कॅन यूज दॅट," ती म्हणाली आणि फोनवर लिहून घेतलं.

"पण तू कोण, ते सांग ना. आम्हांला एका खऱ्या माणसाचं मत आणायचंय."

मी म्हटलं, "आमच्या लहानपणी तिकडे या शब्दांचं कुणी नावही घेत नव्हतं. गर्भपात म्हटलं की आम्हांला आठवायच्या भिंतींवर रंगवलेल्या पाट्या, मुलगी वाचवा. दवाखान्यात बोर्ड, इथे मुलगा-मुलगी सांगितलं जात नाही. तिथे बाईला पाडायला लावायचे, मुलगी आहे म्हणून. मग तिथे 'वाचवा' म्हणणारी मी कोण? आणि तिथे निवड कुणाची होती, तिची की सासूची?"

"दॅट वन डिफरंट टॉपिक, मावशी."

"वेगळा कसा?"

"दोनच बॉक्स आहेत. जस्ट चूज वन, लाह."

माझ्या कामातही दोनच असतात, पास आणि फेल. तेव्हा दोन बॉक्सांचं मला वावडं असायचं कारण नाही. पण मी थालीपीठ तिच्या ताटलीत टाकलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हटलं, आधी खा, मग बघू. कारण तिला जे खरं माणूस हवं होतं त्याची गोष्ट तिच्याच आईपासून सुरू होत होती. ती सांगायचा अधिकार माझा नव्हता. आणि त्या गोष्टीत माझा एक तुकडा असा होता, जो तिच्या आईलाही माहीत नसावा, असं मी इतकी वर्षं मनोमन धरून चालले होते. तो कळला तर ही मुलगी दुपारी यायची बंद होईल, अशी मला भीती होती.

तिची आई आणि मी या देशात साधारण एकदमच आलो. ती पुण्याची, मी डोंबिवलीची, म्हणजे पहिले सहा महिने तिने माझं मराठी सुधारण्यात घालवले आणि मी तिला हसण्यात. दोघींचे नवरे आयटीतले, दोघींकडे स्वतःचे एम्प्लॉयमेंट पास, दोघींना कोथिंबीर कुठे स्वस्त मिळते याचा शोध. मैत्री व्हायला परदेशात एवढं पुरतं.

मला मूल हवं होतं. हे मी सरळच सांगते, कारण बायका हे फिरवून फिरवून सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की फारसं काही नसेल. मला फार हवं होतं. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, आईचे उपास झाले, सासूबाईंचे नवस झाले. मग एक दिवस नवरा म्हणाला, आता पुरे, तुझे हाल बघवत नाहीत. आम्ही थांबलो. शरीर थांबलं. मन कुठलं थांबायला? मी मॉलमध्ये मोजे बघत उभी राहायची. एवढे एवढेसे मोजे, आणि मी त्यांच्या टाचा वळवून बघतेय, जणू उद्याच कुणाला घालायचेत.

अशात माझ्या मैत्रिणीला दिवस गेले. तिने मला सांगितलं तेव्हा आधी माझा हात धरला, मग बोलली. सातव्या महिन्यात तिच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये डोहाळेजेवण केलं. फुलांचे दागिने इथल्या फुलवालीकडून ऑर्किडचे करून घेतलेले, हिरवी साडी, झोपाळ्याऐवजी एक सजवलेली खुर्ची. ओटी भरायची वेळ आली. एक वयाने मोठ्या बाई पुढे होऊन बायकांना एकेक करून बोलवत होत्या आणि माझ्यावरून त्यांची नजर अशी सरकली, जशी भिंतीवरून सरकते. त्यांचा दोष नाही. मूल नसलेल्या बाईच्या हातून असल्या ओटीची सुरुवात करत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. मी आपली मसालेभाताच्या पातेल्याकडे वळले. पातेल्याला कुणी अशुभ म्हणत नाही.

तेवढ्यात मागून मैत्रिणीचा आवाज आला, खणखणीत, पुणेरी. "पहिली ओटी हिच्या हातची. मग बाकीच्या."

मी गेले. तिने पदर पसरला. मी नारळ घातला, तो तिनेच सावरून धरला. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, सगळं घातलं. रिवाजाप्रमाणे तिने ओटीतले चिमूटभर तांदूळ परत माझ्या ताटात टाकले आणि हळूच म्हणाली, "रडू नकोस हं, फोटो बिघडतील."

त्या ओटीतली ही मुलगी.

मुलगी झाली आणि माझी मैत्रीण मात्र हरवली. बाळंतपण सुखरूप झालं होतं, पण तिचं मन कुठेतरी खाली खाली जात राहिलं. ती बोलेना, जेवेना, बाळ रडलं तर बघत बसे. तिची आई तीन महिने राहून परत गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली, पण औषधांना वेळ लागतो आणि बाळाला दर दोन तासांनी दूध लागतं. मी ऑफिस सुटलं की तिथे जायची. बाळाला आंघोळ मी घातली, टाळू मी भरली, पहिलं हसू मी पाहिलं. एकदा मी दार उघडून आत गेले तेव्हा ती बाळाला पाळण्यात ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. मला म्हणाली, "बरं झालं आलीस. आज मला एकटीला ठेवू नकोस." घर बाराव्या मजल्यावर होतं. त्या दिवशी मी तिथेच राहिले, आणि पुढचे कितीतरी दिवस.

ती सावरली. सावकाश, पण सावरली. परत कामाला लागली, परत माझं मराठी सुधारू लागली. मुलगी चार वर्षांची झाली होती, तेव्हा एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात, याच ओट्याशी, ती म्हणाली, "मला परत दिवस राहिलेत. आणि मी ठेवणार नाहीये."

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपल्यात म्हणतात. मी ते आधी हजारदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते मला चावलं.

तिने आणि तिच्या नवऱ्याने सगळं बोलून ठरवलं होतं. "मी परत त्या खिडकीशी जाऊ शकत नाही," ती म्हणाली. "मला एक मुलगी आहे. तिला आई पाहिजे." ती खिडकी मी पाहिली होती. मी म्हटलं, बरं. इथल्या नियमाप्रमाणे आधी समुपदेशन करतात आणि मग दोन दिवस विचार करायला ठेवतात, त्यानंतरच पुढचं. ते दोन दिवस तिला घरी राहवेना. मुलगी गळ्यात पडायची आणि हिला भरून यायचं. "तुझ्याकडे येऊ?" तिने विचारलं. नवरा मुलीला बघेल, दवाखान्यात मात्र तूच चल, म्हणाली.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. ती आमच्या हॉलमधल्या कोचावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि मी स्वयंपाकघरात मनातल्या मनात मांडे खायची. मी बोलणी तयार करत होते. तू फक्त नऊ महिने काढ. मी नोकरी सोडते, रात्रंदिवस तुझ्याजवळ राहते, खिडकीला जाळी बसवू, डॉक्टरांना आधीच सांगू. मग माझ्या ओटीत घाल. आपल्याकडे बहिणीने बहिणीच्या ओटीत मूल घातल्याची उदाहरणं का थोडी आहेत? मी त्या बाळाला नावसुद्धा ठेवून टाकलं होतं. मुलगा असो की मुलगी, दोघांना चालेल असं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरात कोंडल्यासारखं झालं म्हणून आम्ही ईस्ट कोस्टच्या बागेत गेलो. समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसलो. पलीकडे नेहमीची मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती, मागून सायकलवाले घंटी वाजवत जात होते. ती म्हणाली, "तू माझ्यासाठी किती केलंस गं. मला कधी फेडता यायचं नाही." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

हीच वेळ होती. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी श्वास घेतला, तिच्याकडे वळले. तिने डोकं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय गं?"

मी तिचा चेहरा पाहिला. मग म्हटलं, "शहाळं घेऊ या का, विचारत होते. ऊन फार आहे."

"घे," ती म्हणाली.

हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवरून मी दोन शहाळी आणली. आम्ही ती प्यायलो. मलई तिने चमच्याने खरवडून खाल्ली, माझी तशीच राहिली.

सकाळी लवकर निघायचं होतं. तिने सैल पंजाबी ड्रेस घातला, बॅग भरली, कारण तिथून ती परस्पर आपल्या घरी जाणार होती. मी खाली टॅक्सी आली का ते बघितलं. आणि मग मी देवघराशी गेले, हळदीकुंकवाची कुयरी घेतली, ताटलीत तांदूळ घेतले, नारळ घेतला. यात विचार कुठेच नव्हता. मुक्कामाला राहिलेली सवाष्ण रिकाम्या ओटीने घराबाहेर पाठवायची नाही, हे आईने माझ्या हातांत इतकं भिनवलं होतं की हात आपले आपण चालत होते. तिला कुंकू लावलं. तिनेही सवयीने ओढणी पसरली. मी नारळ घातला, तांदूळ घातले, आणि तेव्हा कुठे आम्हा दोघींच्या लक्षात आलं की मी काय करतेय.

ज्या बाईची ओटी आज रिकामी होणार होती, तिची मी ओटी भरली होती. तिला तिसरा महिना लागला होता. आपल्यात तिसऱ्या महिन्यात, बातमी अजून बाहेर फुटलेली नसते तेव्हा, घरातली मोठी बाई गुपचूप ओटी भरते. चोरओटी म्हणतात तिला. मुद्दाम ठरवून केली असती तरी इतकी नेमकी चोरओटी मला जमली नसती.

"अगं, मी..." मी म्हटलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, मुद्दाम केलंस. मला वाटलं, ही ओटी माझ्या अंगावर टाकेल आणि तिने टाकावीच.

ती ओटीकडे बघत राहिली. मग तिने हात घातला आणि चिमूटभर नाही, मूठभर तांदूळ माझ्या ताटलीत परत टाकले. नारळ देवासमोर ठेवला. वाकून नमस्कार केला, मला नाही, देवाला. मग ओढणी झटकली, नीट खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "चल. टॅक्सी थांबलीय."

दवाखान्याचं फार सांगण्यासारखं नाही. स्वच्छ होतं, सगळे नीट वागले. मी बाहेर बसले होते. समोरच्या टीव्हीवर कुणीतरी केक कसा करायचा ते शिकवत होतं. मी तिच्यासाठी देवाचं नाव घेत होते, आणि त्याच वेळी पोटात नसलेल्या कुणासाठी तरी मला रडू येत होतं. दोन्ही खरं होतं. ती आत सुखरूप असावी असं मला जिवापासून वाटत होतं, आणि हे अजूनही थांबावं, दार उघडून तिने बाहेर यावं आणि म्हणावं, नको गं, घरी जाऊ, असंही वाटत होतं.

बाहेर आल्यावर ती घरी जायला तयार होईना. "थोडा वेळ तुझ्याकडेच," म्हणाली. मी तिला कोचावर निजवलं. स्वयंपाकघरात ती ताटली तशीच होती. त्या मूठभर तांदळांचं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ते धुतले, डब्यातले आणखी थोडे घातले आणि मऊ गुरगुट्या भात केला. तूप, मीठ, वर मेतकूट. तिने निम्मा खाल्ला. संध्याकाळी तिचा नवरा मुलीला घेऊन न्यायला आला. मुलगी धावत आत आली, आईच्या हातातला वाडगा बघितला, आणि उरलेला सगळा भात तिने चाटूनपुसून संपवला. आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

तीच ही, ओट्याला टेकून मला विचारत होती की मी कुठल्या बॉक्समधली.

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. अमुक म्हणा, तमुक म्हणू नका. त्यांच्यातल्या जीववाल्यांपुढे मी गेले तर ते म्हणतील, ये, तुझ्यासारखीला तर ते बाळ हवंच होतं. मग मी त्यांना त्या खिडकीचं काय सांगू? तोही एक जीवच उभा होता तिथे. आणि निवडवाल्यांपुढे गेले तर ते पाठ थोपटतील, मैत्रिणीला साथ दिलीस. मग माझ्या मोज्यांचं कुणाला सांगू? त्यांना माझं रडणं अडचणीचं वाटेल. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जळणाऱ्याला पाटी लावायला फुरसत नसते. हे सगळं मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "माझ्यासारखीला बॉक्स नाही गं. तू तुझ्या आईला विचार."

सहाच्या सुमाराला तिची आई आली. बूट काढते न काढते तोच मुलीने प्रश्न टाकला, तोच, त्याच शब्दांत. माझी मैत्रीण दारातच थांबली. आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने म्हटलं, "शाळेचं आहे. वादस्पर्धा."

"अच्छा," ती म्हणाली. मग मुलीला म्हणाली, "खाली जाऊन दुकानातून दूध आण, मावशीकडचं संपलंय." दूध संपलेलं नव्हतं. मुलगी कुरकुरत गेली.

मैत्रीण ओट्याशी आली. झाकण उचललं, खालचं तिसरं थालीपीठ बघितलं, झाकण परत ठेवलं.

"तिला मी सांगणार आहे," ती म्हणाली. "मोठी झालीय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते."

"सांग. तुझीच गोष्ट आहे."

"तुझीपण आहे." ती सिंकचा नळ उगाच घट्ट करत राहिली. "त्या दिवशी समुद्रावर तुला शहाळं नको होतं."

इतकी वर्षं झाकून ठेवलेलं तिने एका वाक्यात उघडं केलं आणि मला आधी लाज वाटली, मग भीती. माझी नजर दाराकडे, मुलीच्या बुटांच्या जागेकडे गेली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तू श्वास घेतलास ना, तेव्हा. मी मनात म्हणत होते, हिने विचारू नये. देवा, हिने विचारू नये."

"राग आला होता?"

"नाही गं, वेडे. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." तिने नळावरचा हात काढला. "माझी पोर तू वाढवलीस. मी तुला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते? मी नऊ महिने काढले असते आणि तुझ्या ओटीत घातलं असतं. आणि मग मी राहिले असते की नाही, मला माहीत नाही."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"तू हो म्हणशील ते. तुझ्या तोंडावर दिसलं मला. म्हणून शहाळं आणलं."

ती माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी रडलो, चांगल्या मोठ्याने, शेजारच्या चिनी आजींनी खिडकीतून बघितलं इतक्या. मग जिन्यात पावलं वाजली, आम्ही तोंडं धुतली. मुलगी दूध घेऊन आली आणि फ्रीज उघडून म्हणाली, "मिल्क स्टिल गॉट, वॉट."

पुढचे दोन दिवस ती आली नाही. परीक्षा असेल, मी नवऱ्याला म्हटलं. थालीपिठाचं पीठ भिजवलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. मनात म्हटलं, गेलं, हेही गेलं.

तिसऱ्या दिवशी बूट भिरकावल्याचा आवाज आला. तिने फ्रीज उघडला नाही. ओट्याशी येऊन उभी राहिली. स्पर्धेचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मी थालीपिठं लावली. तिने दोन खाल्ली. मग झाकण उचललं आणि तिसरं बाहेर काढलं.

"हे त्या बाळाचं ना, मावशी?" ती मराठीत म्हणाली.

मी मान डोलावली.

तिने त्या थालीपिठाचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटलीत ठेवला, आणि माझ्यासमोर बसून दुसरा खाल्ला.